तारेचा रोध नगण्य समजा

बत्तीस वर्षं मिस्त्रींनी वायरिंगची कामं केली, पण विजेचं गणित म्हणून काही कागदावर कधी मांडलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. कुठे किती जाडीची वायर ओढायची, कुठला बोर्ड किती लोड खेचेल, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. भिंतीवर तळहात टेकवून आत वायर तापली आहे की नाही हे ते सांगत, आणि ते खरं निघे. पण नियम बदलला. यापुढे झालेल्या कामाच्या दाखल्यावर सही करायची तर पर्यवेक्षकाचा परवाना हवा, आणि परवाना हवा तर लेखी पेपर द्यायला हवा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पेपर! मिस्त्री पहिले दोन महिने नुसते चरफडले, तिसऱ्या महिन्यात मुकाट्याने पुस्तक घेऊन आले.

शिकवायला घरातच मास्तरीण होती. त्यांची सून शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती, विज्ञानाची पदवीधर. मुलगा कामानिमित्त परगावी असायचा, मिस्त्रींची बायको जाऊन चार वर्षं झालेली. घरात काय ते सासरा आणि सून. दुपारी चार वाजता ती शाळेतून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं समोरासमोर बसत. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींच्या नाकीनऊ आले. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कळेना. मग एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, विभवांतर वगैरे शब्द विसरा. व्होल्टेज म्हणजे मागून ढकलणारा, रोध म्हणजे वाटेत आडवा येणारा. ढकलण्याला अडवण्याने भागा, म्हणजे पुढे जाणारी धारा मिळाली."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग इतकं लांबण कशाला लावलंय पुस्तकात?"

ती हसली. त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. एकसर जोडणीत रोधांची बेरीज, समांतर जोडणीत वाटा वाढतात म्हणून एकूण रोध कमी, हे मिस्त्रींना भराभर पटत गेलं, कारण त्यातलं प्रत्येक चित्र त्यांनी कुठल्या ना कुठल्या भिंतीत स्वतःच्या हाताने घातलेलं होतं. बल्ब एकसर जोडले तर मंद का लागतात हे त्यांना तिच्याआधी माहीत होतं. आता फक्त त्याचा आकडा मिळत होता. त्यांना मजा वाटू लागली. एखादं उदाहरण मागच्या पानावरच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं की ते पेन्सिल टेबलावर आपटत.

पेपरला वीस दिवस राहिले असताना ते उदाहरण आलं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ५३ ओहम रोध असलेल्या चार इस्त्र्या समांतर जोडल्या आहेत. एकूण धारा काढा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: तारेचा रोध नगण्य समजा.

मिस्त्रींनी त्रेपन्नला चारने भागलं. सव्वातेरा. दोनशे तीसला सव्वातेराने भागलं. सतरा पूर्णांक छत्तीस अँपिअर. मागचं उत्तर पाहिलं, बरोबर होतं. या वेळी पेन्सिल आपटली नाही.

"हे नगण्य म्हणजे काय गं?"

"म्हणजे धरायचा नाही. अगदी थोडा असतो, गणित सोपं व्हावं म्हणून सोडून द्यायचा."

"आणि सोडला नाही तर?"

"पेपरात नाही विचारणार, बाबा."

"पेपराचं राहू दे. मला काढून दाखव. एकची तांब्याची वायर. बोर्डापासून पंधरा मीटर."

एकची म्हणजे एक चौरस मिलिमीटरची. एवढं तिलाही एव्हाना कळत होतं. तिने पुस्तकातला तक्ता उघडला. पंधरा मीटर जायला, पंधरा यायला, एकूण तीस मीटर. तारेचा रोध जवळजवळ अर्धा ओहम निघाला. तो सव्वातेरात मिळवला, पुन्हा भागाकार केला. धारा किंचित उतरून पावणेसतराच्या जवळ आली.

"बघा, फारसा फरक नाही. म्हणून तर सोडून देतात," ती म्हणाली.

"वायरीत उष्णता किती होणार?"

"धारेचा वर्ग गुणिले रोध." तिने खाली आकडे मांडले. "एकशे चाळीस वॅट."

"आणि एकच इस्त्री लावली तर?"

"नऊ." ती स्वतःच जरा चकित झाली. "वर्ग होतो ना, म्हणून. धारा चौपट झाली की उष्णता सोळा पट. इथे पंधरा पट आली."

मिस्त्रींनी पेन्सिल खाली ठेवली. मग डोकं दुखतंय म्हणून उठले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. सूनबाईने दोनदा हाक मारली. त्यांनी ओ दिली, पण उठले नाहीत.

बोर्डापासून पंधरा मीटर हे पुस्तकात नव्हतं. ते त्यांच्या डोक्यातून आलं होतं.

दोन रस्ते सोडून एक लाँड्री होती. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे. गल्लीत सगळे त्यांना लाँड्रीवाले आणि वहिनी म्हणत. दोन इस्त्र्यांपुरतं वायरिंग मिस्त्रींनीच करून दिलेलं, दहा अँपिअरचा चिनीमातीचा फ्यूज लावून. त्यात काही चूक नव्हती. मग लाँड्रीवाल्यांना एका मोठ्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं. इस्त्रीची टेबलं मागच्या बाजूला हलवली, आणखी दोन इस्त्र्या आणल्या, जुन्या पद्धतीच्या, जड, तापल्यावर आपोआप बंद न होणाऱ्या. वायर मागे पोचेना म्हणून मिस्त्रींनी कपाटाच्या पाठीमागे पीळ देऊन जॉइंट मारला, वर टेप गुंडाळली. आणि चार इस्त्र्या लागल्या की फ्यूज उडायला लागला. सकाळी उडायचा, दुपारी उडायचा. तिसऱ्या दिवशी मिस्त्री गेले तेव्हा दारात चादरींच्या गठ्ठ्यांची रांग लागली होती. त्यांनी फ्यूजमध्ये दुहेरी पीळ देऊन तार भरली.

"आता नाही उडणार," असं म्हणाले होते ते. आणि मग, "सवडीने जाड वायर ओढून देतो."

ती सवड आली नाही. अडीच महिन्यांनी भरदुपारी लाँड्रीला आग लागली. लाँड्रीवाले कपडे पोचवायला गेले होते. वहिनी घरून धावत आल्या, गिऱ्हाइकांचे कपडे वाचवायला आत शिरल्या आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीला आलेल्या माणसाने इस्त्रीच्या टेबलाचा कोळसा पाहिला, लाँड्रीवाल्यांना विचारलं, "जाताना सगळ्या इस्त्र्या बंद केल्या होत्या का?" लाँड्रीवाल्यांना आठवेना. तीन बंद केल्याचं आठवत होतं, चौथीचं आठवेना. अहवालात इस्त्री चालू राहिल्याने आग असं लिहिलं गेलं.

त्या दिवशी मिस्त्रींना सुटल्यासारखं वाटलं होतं. कशातून सुटलो, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. गेली दोन वर्षं विचारलं नव्हतं.

आणि या दोन वर्षांत लाँड्रीवाल्यांचं काय झालं होतं ते सगळी गल्ली बघत होती. लाँड्री गेली ती गेलीच. आता ते एका गोदामात पुठ्ठ्याची खोकी मोजायच्या कामावर जात. पण माणूस खचला होता. घराबाहेर पडले की तीनदा परत येऊन बटणं बघत. घरात इस्त्री नव्हती, पाणी तापवायचा हीटर नव्हता. कुठलं बटण किंचित सैल वाटलं तरी मिस्त्रींना बोलावणं जाई, आणि मिस्त्री मोठ्या मनाने जात, बोर्ड उघडून बघत, "काही काळजी करू नका" म्हणत. "तुमच्यासारखा देवमाणूस नाही," असं लाँड्रीवाले म्हणत. मिस्त्रींनी ते दरवेळी ऐकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच गणित तीनदा केलं. कुठेतरी चूक सापडेल अशी वेडी आशा होती. तक्त्यात पाहिलं, एकच्या वायरीने भिंतीवरच्या पट्टीतून अकरा-बारा अँपिअर न्यावेत, त्याहून जास्त नेऊ नयेत. तिच्यातून तासन् तास पावणेसतरा वाहत होते. दहाच्या फ्यूजने ते ओळखलं होतं, रोज दोनदा ओरडून सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याचं तोंड बांधलं होतं.

चार वाजता सून आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती उभीच राहिली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नाही.

"हे खात्रीने नाही सांगता येत, बाबा," ती अखेर म्हणाली. "गणितात एकशे चाळीस वॅट सगळ्या तीस मीटरमध्ये पसरलेत. तेवढ्याने लगेच आग नाही लागत."

"गणितात जॉइंट नाहीये. तो पीळ मी मारला होता. तिथला रोध किती असेल? अर्धा धर. म्हणजे आणखी एवढेच वॅट, एका बोटाएवढ्या जागेत. मागे लाकडी कपाट, त्यात कपडे."

तिने पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली.

"कुणाला सांगू नका."

मिस्त्रींचा विश्वास बसेना. प्रत्येक वजाबाकी दोनदा तपासून घेणारी ही मुलगी.

"मी वाईट नाही बोलत, बाबा. विचार करा. तुमचा परवाना हातचा जाईल, काम जाईल. हे घर कशावर चाललंय? आणि सांगून त्यांची लाँड्री परत येणार आहे का? वहिनींचे हात?"

"नाही येणार."

"मग?"

"तो माणूस रोज तीनदा घरी परत जातो गं, बटणं बघायला."

ती उठून ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "हे गणित मी तुम्हाला शिकवायलाच नको होतं." त्या दिवशी अभ्यास झाला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मिस्त्रींनी आठवडा काढला. कामावर जात, पण हातात पकड घेऊन नुसते उभे राहत. दोनदा ते लाँड्रीवाल्यांच्या जिन्यापर्यंत गेले आणि खालूनच परतले. तिसऱ्यांदा जायला निमित्त मिळालं: लाँड्रीवाल्यांचंच बोलावणं आलं. पंख्याच्या बटणातून चटचट आवाज येतोय, जरा बघून जाल का?

रविवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. दोघंही घरात होते. वहिनी खिडकीपाशी भाजी निवडत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नसल्यामुळे देठ अंगठ्याने दाबून खुडत होत्या. मिस्त्रींनी बोर्ड उघडला, स्क्रू आवळला, बोर्ड बंद केला.

"बसा, मिस्त्री. चहा टाकतो," लाँड्रीवाले म्हणाले.

"चहा नको. मला बोलायचंय. दोघांशीही."

आणि ते बोलले. उभ्याउभ्याच, टेस्टर मुठीत घट्ट धरून. चार इस्त्र्या, एकची वायर, कपाटामागचा जॉइंट, फ्यूजमधला दुहेरी पीळ. घाईघाईत सांगितलं, मधेच अडखळले, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, शेवटी माफी मागितली.

"म्हणजे चौथी इस्त्री बंद होती?" लाँड्रीवाल्यांनी विचारलं.

होय म्हणणं किती सोपं होतं. मिस्त्रींच्या ओठांवर आलंही होतं.

"ते मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "बंद असेल, चालू असेल. पण सकाळपासून चारी चालू होत्या. वायर तेव्हाच आतून जळत आली असणार. तुम्ही चौथी बंद केली असती तरी आग लागली असती, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. माझी तशी खात्री झालीय."

"तुमची खात्री," लाँड्रीवाले म्हणाले. "दोन वर्षं माझीही खात्री होती."

वहिनींनी परात बाजूला सारली. "फ्यूजचं मीच सांगितलं होतं तुम्हाला. 'सारखा उडतो, एकदाचं कायमचं काहीतरी करा,' असं मीच म्हणाले होते. आठवतंय मला."

"तुम्ही सांगणारच, वहिनी. तुम्हाला काय माहीत? नाही म्हणायचं काम माझं होतं."

"हो. तुमचंच होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही येत होतात इथे. आमचा चहा पीत होतात. हा माणूस तुमच्या पाया पडायचा बाकी राहिला होता, आणि तुम्ही 'काळजी करू नका' म्हणत होतात."

"मला तेव्हा कळलं नव्हतं."

"कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं?"

लाँड्रीवाले दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि तसंच धरून उभे राहिले. मिस्त्री बाहेर पडले. पिशवी आत राहिली होती, ती आणायला परत वळायचा त्यांना धीर झाला नाही. संध्याकाळी कुणीतरी ती त्यांच्या दारात आणून ठेवली. बेल मात्र वाजवली नाही.

पुढचं पाऊल उचलायला त्यांना फार वेळ लागला नाही. सोमवारीच ते वीज तपासणीच्या कार्यालयात गेले आणि सगळं लिहून दिलं. कारकुनाने कागद दोनदा वाचला. "दोन वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे हो. बंद झालंय. कशाला अंगावर ओढवून घेताय?" पण कागद दिल्यावर तो घ्यावाच लागला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत तुमचा परीक्षेचा अर्ज स्थगित. पेपर त्यांच्याविना झाला. त्यांच्याच हाताखाली काम करून गेलेल्या एका वायरमनला परवाना मिळाला होता. आता मिस्त्री भिंती फोडत, वायरी ओढत आणि दाखल्यावर तो सही करी. तो अवघडून जाई, मिस्त्री त्याला म्हणत, "नीट बघून सही कर. मी केलंय म्हणून करू नकोस."

घरात सून बोलायची, पण कामापुरतं. मुलगा फोनवर एकदा खूप रागावला, नंतर त्याने तो विषयच टाकला. चार वाजले की मिस्त्री सवयीने टेबलापाशी येऊन बसत. ती चहा ठेवून आत जाई.

दीडेक महिन्याने एका सुट्टीच्या सकाळी दार वाजलं. लाँड्रीवाले उभे होते. हातात शाळेच्या मुलांची असते तशी शंभर पानी वही, कोरी.

"ते गणित मला करून दाखवा," ते म्हणाले.

मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली. पेन्सिल घेऊन भराभर आकडे मांडायला लागले, तेव्हा लाँड्रीवाल्यांनी हात आडवा धरला. "असं नाही. पहिल्यापासून. ओहम म्हणजे काय इथपासून. मी करणार, तुम्ही सांगा."

लाँड्रीवाले चौथीपर्यंत शिकलेले. भागाकार त्यांना जेमतेम येत होता. मिस्त्री सांगायला लागले आणि दशांश चिन्हापाशी दोघंही अडकले. तेव्हा सून आतून आली. ती लाँड्रीवाल्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, व्होल्टेज म्हणजे मागून ढकलणारा असं समजा."

दीड तास लागला. लाँड्रीवाले प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, खोडत, पुन्हा लिहीत. एका इस्त्रीला किती, दोघींना किती, तिघींना, चौघींना. तिघींपाशी ते थांबले.

"तीन चालू ठेवल्या असत्या तर?"

सुनेने हिशेब केला. "तेराच्या आत-बाहेर. तीही वायरीला जास्तच. पण फ्यूज साधा असता तर त्याने तोडलं असतं."

"आणि मी गेलो तेव्हाही तिघी चालू राहिल्या असतील?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तीन तुम्ही बंद केल्याचं तुम्हाला आठवतंय. मागे राहिली असेल तर एकच. आणि एकीने वायरीत नऊ वॅट. नऊ वॅटने काही होत नाही. चौथीने टेबल जाळलं असेल की नाही, ते गणित नाही सांगत; पण जे व्हायचं ते सकाळभरात झालं होतं. जॉइंट आतून धुमसत होता."

लाँड्रीवाल्यांनी 'नऊ' हा आकडा स्वतःच्या हाताने काढला. दोनदा काढला. मग वही मिटून बसून राहिले. मिस्त्रींना वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत.

"दोन वर्षं मी तिच्याकडे सरळ बघितलं नाही," ते म्हणाले. "भाजलेल्या हातांवर ती मलम लावायची आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. तिला वाटलं मला तिची किळस येते."

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण लाँड्रीवालेच पुढे बोलू लागले.

"माफी मागू नका. त्या दिवशी मागितलीत. मी दिलेली नाही, देईन की नाही माहीत नाही. तुम्ही कार्यालयात जाऊन लिहून दिलंत तेही कळलंय. ते बरं केलंत." त्यांनी वही काखेत धरली. "घरचं वायरिंग मी दुसऱ्याकडून तपासून घेतलं. यापुढेही त्यालाच बोलावीन. तुम्ही आमच्याकडे येऊ नका."

"नाही येणार," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्री जिन्यापर्यंत सोडायला गेले. लाँड्रीवाले कठडा धरून सावकाश उतरत गेले, वळणापाशी दिसेनासे झाले. मिस्त्री परत आले तेव्हा सून टेबलावरचा खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा करत होती.

"पुढचा पेपर सहा महिन्यांनी आहे," ती म्हणाली. "तोवर चौकशी झाली तर बसता येईल."

"आणि नाही झाली तर?"

तिने चुरा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात झटकले. "बॅटरीच्या अंतर्गत रोधाचा धडा राहिलाय," ती म्हणाली आणि पुस्तक काढायला आत गेली.